पिवळी तार

सोमवार, ४ नोव्हेंबर

कानवाल्या डॉक्टरने कानात नवं यंत्र घातलं आणि वर अभ्यास दिला. रोज कुठले आवाज ऐकू आले, कुठले नाही, ते वहीत लिहायचं आणि महिन्याने त्याला दाखवायचं. चौथीनंतर मी पेन धरलं ते सहीपुरतं. आता म्हातारपणी शाळा.

आज नातीकडे राहायला आले. लहानपणापासून एका जागी बूड टेकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मला तिच्या आईने पाठवलं, म्हणजे माझ्या लेकीने. पोरगी धड जेवत नाही, फोन उचलत नाही, तू जाऊन तिच्या उरावर बस, म्हणाली. उरावर बसण्यात माझा हात कोण धरणार!

घर झकास आहे. खाली शिंप्याचं दुकान, वर भिंगरीच्या दोन खोल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं. शिंपी दारातच उभा होता. माझी बॅग उचलून म्हणाला, आजी, दगड भरलेत का यात? मी म्हटलं, दगड नाही, जोडे आहेत, आगाऊ माणसांसाठी आणलेत. खो खो हसला. माणूस बरा दिसतो.

ऐकू आलेले आवाज: शिंप्याचं मशीन. किटलीची शिट्टी. गळका नळ. भिंतीवरचं घड्याळ. आणि भिंगरीचं हसणं. डब्यात गोट्या घालून हलवाव्यात तसं हसते ती. यंत्राशिवाय मला ते कधी इतकं स्पष्ट ऐकू आलं नव्हतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

भिंगरी गाणी करते, पण तोंडाने नाही. आतल्या खोलीत कपाटाएवढी लाकडी पेटी आहे. तिच्यावर पत्र्याच्या पट्ट्या, पट्ट्यांवर बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीबेरंगी तारा. विंचरायला कंटाळलेल्या बाईचं डोकं असावं तसं दिसतं.

तिने मला समजावलं, आणि खरं सांगायचं तर बरं समजावलं. पेटीतला एक तुकडा म्हणजे ऑसिलेटर. सूर काढतो तो तेवढाच. बाकीचे तुकडे त्या सुराला चाळतात, दाबतात, कापतात. बाकीची पोरं असल्या पेटीतून नुसतं घूं घूं काढतात आणि त्यालाच संगीत म्हणतात, असं तिचं म्हणणं. हिला त्याच एका ऑसिलेटरमधून पुरी गाणी करायची आहेत, सुरुवात, मधलं आणि शेवट असलेली. आधी खालचा जाड सूर भरून ठेवते, मग तारा बदलून त्यावर ठेका, मग त्यावर चाल. थर थर चढवत जाते, आपण गोधडी शिवतो तसं.

एक गोष्ट मला आवडली नाही. तो ऑसिलेटर कधी गप्प होत नाही म्हणे. वीज आहे तोवर आत ओरडतच असतो. त्याच्यापुढे एक दार असतं. ते उघडलं की आपल्याला ऐकू येतो, लावलं की नाही. मी म्हटलं, असला एक नवरा मी जन्मभर सांभाळला, फक्त त्याला दार नव्हतं. भिंगरी हसून लोळली.

शेवटच्या गाण्यावर अडली आहे ती. सुरुवात झाली, मधलं झालं, शेवट सापडेना. मला विचारलं, आजी, गाणं संपतं कसं गं? मी म्हटलं, मला अंगाईपुरतं माहीत आहे. अंगाई संपते गाणारीला झोप लागली की. तुझ्या आईच्या वेळी मीच आधी घोरायचे आणि ती पाळण्यातून टकामका बघत बसायची.

काडेपेटीएवढा एक माईकही आहे तिच्याकडे. कशालाही चिकटवला की आतला आवाज पेटीत जातो. आज गंमत म्हणून किटलीला लावला, तर उकळतं पाणी रेल्वेसारखं धडधडलं.

सगळे आवाज ठीक.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज घोळ झाला. भिंगरी बाहेर गेली होती. त्या पेटीवर बोटभर धूळ. हात शिवशिवायला लागले, म्हणून फडकं घेतलं. सांभाळून पुसत होते, तरी एक पिवळी तार सुटून हातात आली.

या पेटीला आठवण नसते, हे तिने मला सांगून ठेवलं होतं. तार उपटली की तो सूर गेला, पुन्हा तसाच जमेल याचा भरवसा नाही. भोकं सगळी एकसारखी. जिथे धूळ कमी वाटली तिथे तार खुपसली. कोपऱ्यातल्या पट्टीवर, जिच्यावर एकही बटण नाही, तिथे.

सांगायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

भिंगरी आली, पेटी सुरू केली आणि किंचाळलीच. मी ओट्याला धरून उभी. पण ती धावत आली आणि मलाच मिठी मारली. आजी, सूर बघ कसा लागलाय, कालपर्यंत असा नव्हता, म्हणाली. मी ऐकला. जिवंत वाटला. कोणीतरी दाराला तोंड लावून श्वास घेत असावं तसा.

फडकं धुऊन वाळत टाकलं. हसतेय पोरगी, हसू दे.

रविवार, १० नोव्हेंबर

आज किटलीची शिट्टी ऐकू आली नाही. वाफ तर भसाभसा येत होती. यंत्राची बॅटरी बदलली, तरी नाही. घड्याळ ऐकू येतं, नळ ऐकू येतो, फक्त शिट्टी नाही. डॉक्टरला विचारायला हवं.

भिंगरीने गाणं ऐकवलं. मध्येच वरच्या पट्टीत एक लांब सूर चढत गेला. मी म्हटलं, ही तर आपली किटली! माईक लावला होतास ना तू? ती म्हणाली, तेव्हा काही भरून ठेवलं नव्हतं, हा सूर ऑसिलेटरनेच काढला. खुशीत होती. जेवायला मात्र हाका मारून घसा सुकला माझा.

सोमवार, ११ नोव्हेंबर

किटली तापत नाही. चूल पेटलेली, किटली वर, पाणी थंडगार. तेच पाणी पातेल्यात ओतलं तर उकळलं. किटलीला झालं काय?

नळाची टपटप ऐकू येत नाही. थेंब पडताना दिसतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नळाला पाणी नाही. मोरीतल्या नळाला आहे, ओट्यावरच्याला नाही. प्लंबर आला, सगळं खोलून बघितलं. पाइपात पाणी आहे, नळ नवा बसवला, तरी येत नाही, आजी तुम्हीच काही जादूटोणा केला असेल, असं म्हणून दात काढत गेला. चोराच्या मनात चांदणं. मला हसता आलं नाही.

गाण्यात आता टपटपीचा ठेका आहे. भिंगरी म्हणते, मी नाही घातला, आपोआप आला. मी तिच्याकडे बघितलं. ती खुशीत नव्हती.

बुधवार, १३ नोव्हेंबर

खाली शिंप्याकडे गेले. म्हटलं, जरा माणसाशी बोलावं. तो मशीनवर बसलेला, पाय हलतोय, चाक फिरतंय, सुई वरखाली होतेय, आणि आवाज नाही. मी कान चाचपला. तेवढ्यात तोच म्हणाला, आजी, तुमच्या कानाचं दुखणं मला लागलं की काय? सकाळपासून मशीन मुकं झालंय, तेल पाजलं तरी बोलत नाही.

म्हणजे माझा कान ठीक आहे.

मी त्याला म्हटलं, हातातली कामं आजच उरका, उद्या हे चालणार नाही. त्याने मला वेड्यात काढलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शिंपी सकाळी वर आला. थट्टा नाही, मस्करी नाही. चाक फिरतं, सुई चालते, टाका पडत नाही. दोरा कापडातून नुसता निघून येतो. तुम्हाला आधी कसं कळलं, असं विचारलं.

मी आतल्या खोलीचं दार उघडलं. गाण्यात त्याचं मशीन चालू होतं. त्याने ते ओळखलं. बाप वापरायचा ते मशीन, हा लहानपणी त्याच्या आवाजावर झोपायचा. भिंतीला टेकून खाली बसला.

आधी आवाज जातो, मग वस्तू थांबते. एवढं मला चौथीच्या डोक्याने कळलं.

भिंगरीला सगळं सांगितलं. धूळ, फडकं, पिवळी तार, सगळं. ती ओरडली नाही. कोपऱ्यातल्या त्या पट्टीकडे गेली, तिचे स्क्रू काढले, पट्टी पुढे ओढून मला मागून दाखवली. मागे काही नाही. नुसता पत्रा. जुन्या बाजारातून भोक झाकायला आणलेली पट्टी. तार कशालाच जोडलेली नाही.

आणि सूर त्या तारेतून येतोय.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

घड्याळ मुकं झालं. मी भिंतीवरून उतरवून ठेवलं. थांबताना बघायचं नाही मला.

शिंप्याने आज पेटीचा प्लग ओढून काढला. पेटीचे दिवे गेले. गाणं चालूच. शिंपी म्हणाला, आजी, आता?

हातोडा मी बाहेर काढून ठेवलाय. भिंगरी म्हणते, थांब, आत शिरलेलं सगळं कुठे जाईल ते कळत नाही. तिचं म्हणणं असं, की गाण्याला शेवट हवाय. ज्याला थांबणं माहीतच नाही त्याच्याकडे आपण शेवट मागत बसलो. आता तो स्वतःच शोधतोय. एकेक आवाज घेऊन बघतो, हा थांबवेल का मला. नाही थांबवत, मग पुढचा.

हे सांगताना ती उगाच हसली. नेहमीसारखी मान मागे टाकून, तोंड उघडून.

गोट्या वाजल्या नाहीत.

शनिवार, १६ नोव्हेंबर

भिंगरी हसत नाही. मी गुदगुल्या केल्या, शिंप्याने माकडचेष्टा केल्या, ती आमच्याकडे बघते फक्त. हसायचं कसं ते तिच्या तोंडाला आठवत नाही.

गाण्यात डबा हलतोय. गोट्या.

लेकीला फोन लावला. काय सांगू? म्हटलं, पोरगी दमलीये, काळजी करू नकोस. खोटं बोलताना जीभ अडली ती पहिल्यांदाच.

गाव सोडून जाऊ म्हटलं. मी, भिंगरी आणि शिंपी मोटारीत बसून पार नदीपलीकडे गेलो. भिंगरी शिंप्याशी बोलत होती, पेट्रोलचं काहीतरी. वाक्य अर्धं झालं आणि ओठ नुसते हलायला लागले.

परत आलो. पेटीत वाक्याचा राहिलेला अर्धा भाग घोळत होता. पुन्हा पुन्हा.

रविवार, १७ नोव्हेंबर

ओठ हलायचेही थांबले. पाटीवर लिहून बोलते. अक्षर लहान होत चाललंय.

आज मी तार धरली. म्हटलं, जी मी खुपसली ती मीच काढणार. अर्धी बाहेर आली तोच मागे धप्प झालं. भिंगरी जमिनीवर. ओठ निळे. डोळे पांढरे. तार परत दाबली तेव्हा श्वास आला.

म्हणजे तारेने तिला धरलंय. काढली तर ती जाते. ठेवली तर –

माझा आवाज का घेत नाही मेला? फुटक्या भांड्याला कोण हात लावणार. मी पेटीसमोर उभी राहून यच्चयावत शिव्या दिल्या. एकही उचलली नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

तिची पावलं वाजत नाहीत. मागे येऊन उभी राहते, मला कळत नाही.

सकाळी न्हाऊ घातलं. केस पुसताना तिचं डोकं छातीशी घेतलं. मग वाकून तिच्या छातीला कान लावला. यंत्राचा कान. ऐकू आलं. धडधड होती. मंद, पण होती. तिथेच बसून राहिले कान लावून. भात करपला. करपू दे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पावलं गेली होती, आज पाय गेले. शिंप्याने उचलून बाजेवर ठेवलं. तो रडत होता. मी म्हटलं, रडायला वेळ असेल तर ओझी उचलायलाही असेल, तिला खाली तुमच्याकडे न्या. मी सांगेपर्यंत वर येऊ नका.

त्याआधी पुन्हा कान लावला.

नाही.

छाती वरखाली होतेय. नाडी बोटाला लागते. कानाला काही नाही. यंत्र काढलं, घातलं, बॅटरी बदलली. नाही.

पेटीत धडधडतंय.

आवाज आज गेला. म्हणजे उद्या –

तिने पाटीवर लिहिलं. वाकडं, मोठ्या कष्टाने. शेवट. आणि खाली, अंगाई.

गाणारीला झोप लागते ती माझी थट्टेतली गोष्ट पोरीने जपून ठेवली होती. कपाळाला हात लावला तिच्या आणि म्हटलं, कळलं गं. एवढ्यासाठी पाटी कशाला झिजवायची.

गाणारी मीच, हे तिलाही कळलं. तिने मान हलवली. नको, नको. माझा पदर धरला. मी बोटं सोडवली. एकेक करून. शिंप्याला म्हटलं, न्या.

मंगळवारच, दुपार

दाराला आतून कडी. शिंपी खाली, ती त्याच्याजवळ. बोट तिच्या नाडीवरून काढू नका, सांगितलंय.

माझा आवाज घेत नव्हता. म्हणजे ओरबाडून घेण्यासारखं माझ्यात काही नाही. पण दिलं तर? दिलेलं कोण टाकतं?

काडेपेटीएवढा माईक छातीला चिकटवलाय, पोलक्याच्या आत. थंड लागतो. त्याची तार पेटीत, पिवळीच्या शेजारी. त्याच पट्टीत, कशालाच न जोडलेल्या.

माझी धडधड खोलीभर. मध्येच एक ठोका चुकतो. डॉक्टर त्यावरून ओरडतो. चुकू दे.

लिहीत राहणार आहे, हाताला काम हवं म्हणून. आणि गुणगुणतेय. लेकीला म्हणायचे तीच. शब्द अर्धे आठवत नाहीत, तेव्हाही आठवत नसत.

तो ऐकतोय. गाण्यातली किटली थांबली, टपटप थांबली, सगळं थांबून ऐकतंय. दारामागचा श्वास जवळ आला.

हां. ये. इथे ये. कोणी झोपवलं नाही ना रे तुला कधी.

हळू म्हणायचं. अजून हळू. अंगाई अशीच –

शिट्टी! ओट्यावर किटली. चुलीवर नसूनही वाजली, बया. नळ वाहतोय. धो धो.

खाली मशीन. खट खट खट. शिंपी बोंबलतोय काहीतरी.

घड्याळ.

पेटीतला सूर खाली उतरतोय. पहिल्यांदाच. उतरतोय, जांभई दिल्यासारखा.

डोळे जड झालेत. नेहमीसारखी मीच आधी.

जिन्यात पावलं. धाड धाड. तिचीच, बूड न टेकणारीची. दारावर थापा. आजी, आजी, कडी काढ. आवाज तिचा. रडतेय की हसतेय – गोट्या –

काढते गं. उठते. एवढं लिहून –

मी गुणगुणतेय ना? ओठ हलतायत. ऐकू येत नाही.

छातीची धडधडही नाही. बोट लावलं, आहे. ऐकू नाही.

असो. उद्यापर्यंत वेळ असतो. शेवटाला तेवढाही लागत नसेल –

पेन कागदावर घासताना खर्र खर्र व्हायचं. यंत्र घातल्यापासून पहिल्यांदा ऐकलं होतं मी ते. आवडायचं. आता बघते तर अक्षर उमटतंय पण आवाज